गादी आणि विद्या

युद्धकलेचा प्रवर्तक दोन प्रकारची संपत्ती मागे ठेवीत असतो : एक त्याच्या देहात मुरलेली विद्या, जी शिष्यांच्या अंगी ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे उतरते आणि वाटली तरी कमी होत नाही, आणि दुसरी त्याची गादी, म्हणजे सनदा देण्याचा, शाखांना मान्यता देण्याचा व तंटे तोडण्याचा अधिकार, जो वाटला की तत्काळ क्षीण होतो. या दोन्ही गोष्टी एकाच पट्टशिष्याच्या ठायी एकवटाव्यात, अशी आपली सहज अपेक्षा असते. परंतु आयकिडो या जपानी युद्धकलेचे प्रवर्तक मोरिहेइ उएशिबा यांनी वारस कसा निवडला हे पाहू लागले, म्हणजे या अपेक्षेचा फेरविचार करणे प्राप्त होते.

1883 साली तानाबे येथे जन्मलेल्या उएशिबांनी सोकाकु ताकेदा या उग्र स्वभावाच्या गुरूकडून दाइतो परंपरेची विद्या घेतली आणि 1931 साली टोकियोत स्वतःची कोबुकान ही तालीम स्थापन केली. कर्तबगार शिष्याला जावई करून घेऊन त्याचे दत्तकविधान करावे, ही जपानी घराण्यांतली जुनी वहिवाट. तिला अनुसरून त्यांनी 1932 साली कियोशी नाकाकुरा या निष्णात खड्गधराला कन्या दिली आणि आपले कुलनामही दिले. परंतु काही वर्षांतच हा संबंध तुटला, आणि नाकाकुरा पुन्हा खड्गविद्येकडे वळून तिच्यातच विख्यात झाले.

पुढे 1942 साली, ऐन महायुद्धात, उएशिबा इवामा या खेड्यात शेती आणि उपासना करण्यासाठी निघून गेले आणि टोकियोच्या तालमीचा कारभार त्यांनी आपला मुलगा किश्शोमारु याच्यावर सोपविला. विशीतला हा तरुण तेव्हा वासेदा विद्यापीठात शिकत होता. बाँबवर्षावातून वाचलेल्या त्या वास्तूत युद्धानंतर निराश्रित कुटुंबे राहत असताना, दिवसा नोकरी करून त्याने तालीम जिवंत ठेवली. 1948 साली आयकिकाई या संस्थेला शासनमान्यता मिळाली, आणि नियम, दफ्तर व अध्यापनाची शिस्त यांची घडी त्याच्याच देखरेखीखाली बसली.

कौशल्याच्या दृष्टीने मात्र त्या काळी कोइची तोहेइ यांचे नाव अग्रभागी होते. ते मुख्य शिक्षक होते आणि दहावी श्रेणीही त्यांना लाभली होती. 26 एप्रिल 1969 रोजी प्रवर्तक निवर्तले तेव्हा गादी किश्शोमारुंकडे आली, आणि 1974 साली तोहेइंनी वेगळी संस्था काढली. हा वियोग आयकिडोला जड गेला, यात संशय नाही. तथापि मूळ संस्था अखंड राहिली, आणि 1999 साली ती गादी नातू मोरितेरु यांच्याकडे निर्वेधपणे गेली.

याच्या उलट, क्योकुशिन कराटेचे प्रवर्तक मासुतात्सु ओयामा 26 एप्रिल 1994 रोजी वारले, तेव्हा वारस म्हणून शोकेइ मात्सुइ यांचे नाव घालणारे मृत्युपत्र रुग्णशय्येवर तयार झालेले होते. कुटुंबीयांनी ते नाकारले, न्यायालयानेही ते ग्राह्य धरले नाही, आणि एका संघटनेच्या अनेक संघटना झाल्या.

उएशिबांच्या निवडीचे बळ केवळ पुत्रत्वात नव्हते. प्रवर्तकाच्या हयातीत, त्याच्या डोळ्यांदेखत, सत्तावीस वर्षे वाहिलेल्या जबाबदारीने किश्शोमारुंचा अधिकार सिद्ध झाला होता. गुरूने विद्या सर्वांना मुक्तहस्ते द्यावी, परंतु गादीचा भार ज्याच्यावर टाकायचा त्याच्यावर, स्वतः धडधाकट असतानाच, तो टाकावा आणि तो पेलला जातो की नाही हे स्वतः पाहावे. कारण शिष्यांचा विश्वास अशा प्रदीर्घ कसोटीतूनच मिळतो, आणि तो कोणत्याही दस्तऐवजाने मागाहून मिळवून देता येत नाही.