स्वतंत्र थ्रॉटल बॉडी

स्वतंत्र थ्रॉटल बॉडी ही पेट्रोल इंजिनाला हवा पुरवण्याची अशी रचना होय, जिच्यात प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळी थ्रॉटल झडप असते. सर्वसाधारण मोटारीत सर्व सिलिंडरांसाठी मिळून एकच झडप असते. शर्यतीच्या मोटारींमध्ये ही रचना प्रचलित आहे. काही हौशी मोटारधारक मोटारसायकलीच्या थ्रॉटल बॉड्या वापरून किंवा लेथवर भाग घडवून ती रस्त्यावरच्या मोटारीलाही बसवतात. भाग घडवणे हा या कामातील तुलनेने सोपा टप्पा असतो. आत येणाऱ्या हवेचे अचूक मापन, ब्रेकला लागणारा व्हॅक्यूम आणि कायद्याची बंधने हे प्रश्न त्याहून अवघड ठरतात.

कार्यतत्त्व

एकच थ्रॉटल असलेल्या इंजिनात झडपेच्या पलीकडे हवेची सामाईक पेटी असते. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर झडप तत्काळ उघडते. मात्र ही पेटी आणि तिला जोडलेल्या नळ्या हवेने भरेपर्यंत इंजिनाचा प्रतिसाद किंचित लांबतो. स्वतंत्र रचनेत झडप सिलिंडरच्या प्रवेशमार्गाजवळ असल्याने भरावयाची जागा अल्प असते व प्रतिसाद जलद मिळतो.

मारुती जिप्सीमध्ये वापरलेले १,२९८ घन सेंटिमीटरचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या वेगात सैद्धांतिकदृष्ट्या सेकंदाला सुमारे ६५ लिटर हवा ओढते. ५० मिलिमीटर व्यासाच्या एका झडपेचे क्षेत्रफळ सुमारे १,९६० चौरस मिलिमीटर भरते, तर ३८ मिलिमीटरच्या चार झडपांचे मिळून सुमारे ४,५४० चौरस मिलिमीटर. मूळ झडप हवेला अडथळा करत नसेल, तर केवळ हा बदल करून शक्तीत मोठी वाढ होत नाही. उलट पेडल थोडे दाबताच बरीच हवा आत जाते व संथ वाहतुकीत गाडी झटके देते. त्यामुळे झडपा सुरुवातीला हळू उघडतील अशी जोडणी करावी लागते.

इतिहास

इंधन अंतःक्षेपणापूर्वीच्या काळात वेबर डीसीओई यांसारखे जोड-कार्ब्युरेटर बसवून प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र हवामार्ग दिला जाई. पुढे बीएमडब्ल्यू एम१ (१९७८), बीएमडब्ल्यू एम३ (१९८६) आणि निसान स्कायलाइन जीटी-आर (१९८९) या मोटारी कारखान्यातूनच स्वतंत्र थ्रॉटलसह बाहेर पडल्या. चार सिलिंडरांच्या मोटारसायकलींमध्ये ही रचना नेहमीची असल्याने त्यांचे जुने संच घरगुती बांधणीसाठी वापरले जातात. मोटारीच्या इंजिनातील प्रवेशमार्गांचे अंतर सहसा अधिक असल्याने हे संच सुटे करून त्यांची जोडणी लांबवावी लागते.

घडण आणि जुळणी

बॉडी बहुधा अ‍ॅल्युमिनियमची, दांडी स्टेनलेस स्टीलची आणि झडपेची चकती पितळेची किंवा अ‍ॅल्युमिनियमची असते. चकती पूर्ण वर्तुळाकार नसते. ती काही अंशांच्या कलात बंद होत असल्याने तिचा आकार किंचित लंबवर्तुळाकार ठेवतात; अन्यथा ती नळीत अडकण्याचा धोका राहतो. चकतीचे स्क्रू ठोकून किंवा आटे जखडणारा द्राव लावून पक्के करतात, कारण सुटलेला स्क्रू थेट सिलिंडरमध्ये जातो. इंजिनाला जोडणारी पट्टी वेल्डिंगच्या उष्णतेने वाकते, म्हणून ती नंतर यंत्रावर सपाट करून घेतात.

सर्व झडपांमधून सारखी हवा जाते की नाही हे प्रवाहमापकाने तपासतात. इंजिन रिकामे फिरत असताना झडपांच्या फटी अत्यंत बारीक असल्याने एका दांडीजवळची किरकोळ गळतीही त्या सिलिंडरचे मिश्रण बिघडवते.

इंधनाचे नियंत्रण

अनेक मोटारींचा मूळ संगणक मॅनिफोल्डमधील दाबावरून हवेचे प्रमाण ठरवतो. स्वतंत्र रचनेत हा दाब स्पंदित होतो आणि झडपा थोड्या उघडताच बाहेरच्या दाबाजवळ पोहोचतो. त्यामुळे झडपेचा कोन आणि इंजिनाचा वेग यांवरून इंधन ठरवणारा प्रोग्रॅम करता येण्याजोगा संगणक बसवतात. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने एका भागास हवेचे १४.७ भाग लागतात. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी हे प्रमाण सुमारे १३.५ असते.

केवळ कोनावर विसंबलेल्या संगणकाला हवेच्या विरळतेची जाणीव नसते. पालघर व बोईसर समुद्रसपाटीलगत आहेत, तर त्याच जिल्ह्यातील जव्हार सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब साधारण ५ टक्क्यांनी कमी असतो. बोईसरला जुळवलेले इंजिन जव्हारच्या घाटात त्याच प्रमाणात जास्त इंधन घेते. हे टाळण्यासाठी वातावरणीय दाबाचा स्वतंत्र संवेदक जोडतात.

सुरक्षितता आणि टिकाऊपणा

ब्रेक बूस्टर मॅनिफोल्डमधील व्हॅक्यूमवर चालतो. एकाच सिलिंडरच्या नळीतून तो घेतल्यास पुरवठा अपुरा पडू शकतो व पेडल जड होते. म्हणून चारही नळ्या जोडून एकदिशा झडप आणि साठवण टाकी बसवतात. थ्रॉटल उघडे अडकू नये यासाठी परतीच्या दोन स्प्रिंगा ठेवणे आवश्यक मानले जाते.

पालघर, बोईसर आणि तारापूर या भागात समुद्राची खारी हवा असते, तर तारापूर औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने मोठ्या संख्येने आहेत. दमट, खाऱ्या हवेत स्टीलची दांडी व अ‍ॅल्युमिनियमची बॉडी यांच्या सांध्यावर गंज धरून झडप जड होऊ शकते. शर्यतीतल्याप्रमाणे उघडी तोंडे ठेवल्यास धूळ इंजिनात जाते. पावसाळ्यात साचलेले पाणी आत ओढले गेल्यास कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. त्यामुळे उंचावरून हवा घेणारी, फिल्टर असलेली बंद पेटी लागते.

कायदेशीर स्थिती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ वाहनातील फेरबदलांवर बंधन घालते. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल करता येत नाहीत, असा निर्णय दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार अनधिकृत फेरबदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. याशिवाय प्रदूषण तपासणीत भारत स्टेज ४ च्या पेट्रोल मोटारीला, इंजिन रिकामे फिरत असताना, कार्बन मोनॉक्साइडसाठी ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनसाठी २०० पीपीएम ही मर्यादा पाळावी लागते. झडपांची जुळणी सदोष असल्यास इंजिनाच्या याच अवस्थेत मिश्रण सर्वाधिक बिघडते.