भट्टीने दिलेला रंग

चांगली भाजलेली कोरडी वीट पाण्याच्या बादलीत सोडली, की ती मिनिटभर नुसते बुडबुडे सोडत राहते. चोवीस तासांनी काढून तोलली, तर तीन किलोच्या विटेने चारपाचशे ग्रॅम पाणी पोटात घेतलेलं असतं. भारतीय मानक आयएस १०७७ नेहमीच्या वापरातल्या विटेला तिच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी प्यायची मुभा देतं. विटांचा ट्रक दारात रिकामा होण्याआधी दर्जा बघण्यासाठी जाणते गवंडी हा प्रयोग करतात. पण विटांच्या घराला बाहेरून कोणता रंग द्यावा, या प्रश्नाचं निम्मं उत्तरही याच बादलीत आहे.

कारण वीट पाणी पिते तशी ते सोडतेही. पावसाळाभर ओलावलेली भिंत पुढच्या कोरड्या महिन्यांत हळूहळू सुकते. तिच्यावर रबरासारखा जाड पापुद्रा धरणारा रंग चढवला, तर पाणी आत शिरायचं थांबत नाही. ते कठड्याच्या भेगेतून, खिडकीच्या कडेने, जोत्यातून यायचं तसं येतंच. बाहेर पडायची वाट तेवढी बंद होते. या पाण्यात विटेतले आणि सिमेंटमधले क्षार विरघळलेले असतात. रंगाच्या मागे त्यांचे स्फटिक धरतात, रंगाला फोड येतात आणि एक दिवस नखाने पापुद्रा काढायला जावं तर त्याच्याबरोबर विटेचा भुगाही हातात येतो. भिंतीला लोणा लागला, असं आपण म्हणतो तो हाच. लोणा आतून, आणि आपण दर दिवाळीला रंगाचे नवे हात देणार बाहेरून! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

म्हणून उघड्या विटांच्या घराबाबत पहिला सल्ला रंगाच्या दुकानदाराला न आवडणारा आहे: विटा चांगल्या असतील तर त्या रंगवूच नयेत. दरजा नीट भरून घ्याव्यात. फार झोडपणारा पाऊस असेल तर सिलेन-सिलोक्सेन जातीचं बिनरंगी जलरोधक द्रावण मारावं. ते पाणी अडवतं, पण वाफ अडवत नाही. एकदा रंगवलेल्या विटेला माघारी फिरता येत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं. रंग काढायला वाळूचा झोत मारला तर विटेची भाजून कडक झालेली वरची साल निघते आणि आतली मऊ वीट पावसापुढे उघडी पडते.

शिवाय या घराला रंग नसतो असं थोडंच आहे? तो भट्टीने आधीच दिलेला असतो. मातीतलं लोह भाजताना हवेतला प्राणवायू घेतं आणि तांबडं होतं. गेरू आणि कोकणातला जांभा ज्या लोहाच्या ऑक्साइडमुळे लाल, त्याच घराण्यातला हा रंग. मातीत चुन्याचा अंश जास्त असला तर वीट पिवळट निघते. लंडनच्या जुन्या चाळवजा घरांच्या पिवळ्या विटा अशाच. औष्णिक वीज केंद्रांच्या राखेच्या विटा आता विदर्भात सर्रास वापरल्या जातात, त्या करड्या. आणि एकाच भट्टीतल्या विटाही एका रंगाच्या नसतात. मधल्या जास्त भाजलेल्या विटा जांभळटपणाकडे झुकतात, कडेच्या नारिंगी राहतात. जवळून पाहिलं तर एका चौरस फुटात चार-पाच तांबडे रंग सापडतात. भिंतीला जिवंतपणा येतो तो या विसंगतीमुळेच. एकसारख्या ‘ब्रिक रेड’चा डबा फिरवला की नेमकं तेच मरतं.

ही गोष्ट लॉरी बेकर यांनी ओळखली होती. इंग्लंडात जन्मलेल्या आणि केरळात स्थायिक झालेल्या या वास्तुरचनाकाराने वीट गिलाव्याखाली झाकणं हा वायफळ खर्च मानला. तिरुवनंतपुरमचं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज हे त्यांचं काम आजही उघड्या विटांत उभं आहे. विटा उभ्या लावून भिंतीच्या पोटात पोकळी सोडायची ‘रॅट-ट्रॅप’ पद्धत त्यांनी रूढ केली. तीत सुमारे २५ टक्के विटा वाचतात आणि पोकळीतल्या हवेमुळे उन्हाची झळ कमी पोहोचते.

दुसरी बाजू अहमदाबादेत दिसते. लुई कान यांच्या आयआयएमच्या विटांच्या इमारती जगभरचे वास्तुरचनेचे विद्यार्थी बघायला येतात. मात्र काही दशकांत तिथल्या विटा झिजल्या, पाणी मुरलं, आतली सळई गंजली. २०२० च्या अखेरीस वसतिगृहांच्या बऱ्याच इमारती पाडायचं ठरलं तेव्हा जगभरातून विरोध उसळला. त्याच आवारातल्या विक्रम साराभाई ग्रंथालयाचं जतन मात्र मुंबईच्या वास्तुरचनाकार ब्रिंदा सोमाया यांच्या संस्थेने केलं आणि २०१९ मध्ये त्याला युनेस्कोचा वारसा-संवर्धन पुरस्कार मिळाला. उघडी वीट ठेवायची तर आधी वीट बघावी लागते. बादलीचा प्रयोग टाळून चालत नाही.

महाराष्ट्रातली बहुतेक विटांची घरं मात्र गिलाव्याखाली असतात. तिथे रंग लागतोच.

एकेकाळी हा रंग म्हणजे चुना. पत्र्याच्या पिंपात कळीचा चुना टाकून वर पाणी ओतलं की तो रटरटा उकळायला लागे; पोरांना दूर हाकलावं लागे. निवल्यावर फडक्याने गाळायचा, डिंकाचं पाणी घालायचं, आणि पिवळेपणा मारायला चिमूटभर नीळ. या निळीतही शहाणपण होतं. चुना तीव्र अल्कधर्मी. त्यात प्रशियन ब्लूसारखा निळा घातला तर त्याचं विघटन होऊन तो तपकिरी पडतो; कपड्यांची निळीची पूड म्हणजे अल्ट्रामरीन, ती चुन्यात टिकते. पिवळी माती आणि गेरू हेही टिकतात. जुन्या घरांवर पांढरा, फिकट निळा, पिवळा, गेरवा हेच चार रंग का दिसतात, याचं उत्तर आवडीनिवडीत शोधण्यापेक्षा चुन्याच्या रसायनात शोधलेलं बरं. भिंतीवर चढलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो आणि भिंतीला श्वासही घेऊ देतो.

जोत्यावरचा गेरूचा हातभर पट्टाही उगाच आला नाही. पागोळ्यांचं पाणी तांबड्या मातीत आपटून भिंतीवर उडतं ते साधारण तेवढ्याच उंचीपर्यंत. पांढरी भिंत पहिल्या पावसातच खालून लाल होणार, तर ती आधीच लाल का करू नये? आजच्या बंगल्यांना तळापासून मोतिया रंग देणाऱ्यांना दर जुलैत या पट्ट्याची आठवण यावी.

चुन्यानंतर सिमेंटचा रंग आला. एका कंपनीच्या ‘स्नोसेम’ या नावाने तो इतका ओळखला गेला, की कोणत्याही सिमेंटच्या रंगाला लोक स्नोसेमच म्हणू लागले. त्याला भिंत आधी भिजवावी लागे आणि नंतर पाणीही मारावं लागे. मग अ‍ॅक्रिलिक इमल्शन आलं आणि शेड कार्डवर शेकडो रंग आले. ते सगळे सारखे टिकत नाहीत. लोहाच्या ऑक्साइडचे रंग, म्हणजे विटकरी, गेरवा, मातकट पिवळा, उन्हाला दाद देत नाहीत. भडक लाल, जांभळा, लिंबू पिवळा यांतली बरीच रंगद्रव्यं सेंद्रिय असतात आणि पश्चिमेच्या भिंतीवर दोन-तीन उन्हाळ्यांत ती थकतात.

पणजीच्या फोंतैन्यास वस्तीत गेलं की गिलाव्याची भिंत किती ठसठशीत रंग पेलू शकते ते कळतं. पिवळ्या, निळ्या, गेरव्या भिंती, खिडक्यांना पांढरी किनार, वर लाल कौलं. पोर्तुगीज अमलात निखळ पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवलेला असे आणि पावसाळा सरला की घर रंगवणं भाग असे, असं तिथे सांगतात. तिथला भडकपणा खटकत नाही, कारण छपरं सगळी एका रंगाची आहेत.

छपराकडे वळायचं ते इथेच. घराचा रंग ठरवताना लोक भिंतीपासून सुरुवात करतात आणि छप्पर येईल ते चालवून घेतात. खरं तर उलट करायला हवं. भिंत पाच-सात वर्षांनी पुन्हा रंगवता येते. कौलं, पत्रे पिढीभर राहतात. आणि छपराचा रंग हा आधी उन्हाचा प्रश्न आहे, मग देखणेपणाचा.

नवा पांढरा रंग सूर्याची सुमारे ८० टक्के ऊर्जा परतवतो. काळा जेमतेम ५ टक्के. लाल मातीचं कौल ३० टक्क्यांच्या आसपास. डोळ्याला वाटतं त्यापेक्षा हे जास्त आहे आणि त्याचं कारण गमतीचं आहे. सूर्याची निम्मी ऊर्जा आपल्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते, आणि लोहाचा लाल ऑक्साइड त्यातली बरीच परतवतो. तितक्याच गडद करड्या छपरापेक्षा लाल कौल म्हणूनच थंड राहतं. चकचकीत कोऱ्या पत्र्याची तऱ्हा उलटी: तो ऊन परतवतो, पण जी उष्णता शोषतो ती बाहेर टाकण्यात कद्रू. मे महिन्यात त्याला हात लावून बघावा. न लावलेला बरा.

मराठवाड्यात आणि सोलापूरकडे माळवदाच्या घरांवर पांढऱ्या मातीचा जाड थर देत. उन्हाला थोपवायचं मुख्य काम थराच्या जाडीचं, पण रंगाचा हातभारही होताच. सिमेंटच्या स्लॅबने जाडी घालवली आणि करडा रंग दिला. वरच्या मजल्यावरची दुपारची झोप गेली ती तेव्हापासून. आता गच्चीवर चुना किंवा परावर्तक पांढरा रंग मारायची पद्धत परत येते आहे. अहमदाबादेत २०१७ पासून गरीब वस्त्यांची छपरं पांढरी करायचा कार्यक्रम सुरू झाला. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच आणलं. गच्चीवर पांढऱ्या फुटक्या टाइल्स बसवणं महाग पडतं, पण त्या धुता येतात. रंगाला तशी सोय नाही. धूळ बसून दोन-तीन वर्षांत त्याची चमक बरीच उतरते.

नागपूर-चंद्रपूरच्या ४५ अंशांत पांढऱ्या गच्चीबद्दल वाद घालायचं कारण नाही. रत्नागिरीत आहे. तिथे चार महिने पाऊस आणि दमट हवा. पांढरा पृष्ठभाग दुसऱ्या वर्षी शेवाळाने काळवंडतो. कोकणाने म्हणूनच उतरतं छप्पर आणि लाल कौल धरलं. बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि एकमेकांत अडकणारं मंगलोरी कौल जहाजांनी पश्चिम किनाऱ्यावर पसरलं. जांभा, कौल, अंगण, सगळं एकाच तांबड्या कुळातलं. रंगसंगतीचा विचार वेगळा करावाच लागला नाही.

तो आता करावा लागतो, कारण निळा पत्रा आला. माकडं, महागलेली कौलं, दर वर्षीची शाकारणी यांना कंटाळलेल्या माणसाला पत्रा हवासा वाटणं समजू शकतं. पण निळाच का? त्याच दुकानात विटकरी आणि तपकिरी पत्राही मिळतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांनी १८३९ मध्ये शेजारशेजारच्या रंगांवर मोठा ग्रंथ लिहिला. गालिचे आणि पडदे विणणाऱ्या सरकारी कारखान्यात काम करताना त्यांच्या लक्षात आलं होतं, की रंग फिका दिसतो तो पुष्कळदा रंगामुळे नव्हे, शेजाऱ्यामुळे. विरोधी रंग एकमेकांना पेटवतात. नारिंगीकडे झुकलेली वीट आणि निळा पत्रा ही असलीच जोडी. दोघंही ओरडतात आणि घर मध्ये उभं राहतं.

याच नियमाने विटेशेजारचा निखळ पांढरा हिरवट, आजारी दिसतो. सज्जे, कठडे, खांब यांना चुन्याच्या अंगचा किंवा सायीचा पांढरा बरा. छप्पर भिंतीपेक्षा स्पष्ट गडद असावं. दोन्ही लाल, पण किंचित वेगळे, असं झालं की ती चूक वाटते. विटांचं अंग उबदार असेल तर दारं-खिडक्यांना गडद हिरवा चालतो. कोकणातल्या जुन्या घरांच्या झडपांवर तो अजून दिसतो. राखेच्या करड्या विटेशेजारी मात्र हाच हिरवा उदास होतो, तिथे मोहरीचा पिवळा किंवा सागवानी तपकिरी जीव आणतो.

न्यू जर्सीत किंवा इंग्लंडात विटांचं घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनी यातलं थोडं उलटं वाचावं. तिथे छप्पर गडद असलं तर हिवाळ्यात बिघडत नाही, पण रंगाखाली अडकलेलं पाणी गोठतं आणि गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. विटेचं तोंडच उडतं.

राहिला मुहूर्त. आपण घर रंगवतो दिवाळीआधी, म्हणजे भिंत वर्षातली सर्वांत ओली असताना. परतीचा पाऊस गेलेला नसतो, रंगाऱ्याला तारखा नसतात, आणि पुट्टी वाळायच्या आत प्रायमर चढतो. भिंतीच्या दृष्टीने डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. नव्या गिलाव्याला तर महिनाभर तरी वाळू द्यायलाच हवं.

आणि रंग कार्डावरून ठरवू नये. बोटभर पट्टीवरचा रंग उन्हात, मोठ्या भिंतीवर, हमखास अधिक उजळ आणि भडक दिसतो. दोनशे मिलीचे तीन डबे आणावेत, पश्चिमेच्या भिंतीवर विटांना खेटून तीन-तीन फुटांचे चौकोन रंगवावेत आणि आठवडाभर जाता-येता बघावेत: सकाळी, भर दुपारी, दिवेलागणीला. एकदा शेजारच्या विटांवर बादलीभर पाणीही मारावं. ओली वीट दोन छटा गडद होते, आणि महाराष्ट्रात घर वर्षातले चार महिने ओलंच असतं.