वाहिनी वळते मनमाडला

2024 साल उजाडलं तेच पंपांवरच्या रांगांनी. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकांसाठीच्या नव्या कलमाविरुद्ध ट्रकचालक संपावर गेले, मनमाडजवळच्या पानेवाडीतल्या इंधन डेपोंमधून टँकर निघेनात, आणि नागपूरसह राज्यभर लोक बाटल्या-कॅन घेऊन धावले. कच्चं तेल संपलं नव्हतं, रिफायनऱ्याही बंद पडल्या नव्हत्या. अडला होता फक्त ड्रायव्हर. 2 जानेवारीच्या रात्री दिल्लीत बोलणी होऊन संप मिटला.

भारताची शुद्धीकरण क्षमता आज वर्षाला 25 कोटी टनांच्या वर आहे. घरची गरज भागवून आपण पेट्रोल-डिझेल निर्यातही करतो. कच्चं तेल मात्र 85 टक्क्यांहून अधिक बाहेरून आणतो. दिल्लीत टंचाईची चर्चा होते ती या दुसऱ्या आकड्याची. लाखनीची अडचण निराळीच आहे.

पूर्व विदर्भात, भंडारा आणि साकोलीच्या मधे, राष्ट्रीय महामार्ग 53 वर वसलेलं हे तालुक्याचं गाव. दिवसरात्र नागपूर-रायपूर ट्रकांची वर्दळ, आणि दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. पाऊस लागला की चिखलणीला ट्रॅक्टर उतरतात. परे रोवण्याजोगे झाले की रोवणी थांबत नाही, त्यामुळे त्या दिवसांत डिझेल दोन दिवस लांबलं तर हंगामच चुकतो.

हे डिझेल येतं कुठून? 1951 मध्ये इराणने आपलं तेल राष्ट्रीय मालकीचं केलं, अबादानची रिफायनरी ठप्प झाली आणि तयार इंधनासाठी परदेशावर विसंबणं किती महाग पडतं ते दिल्लीला उमगलं. त्याच वर्षी परदेशी कंपन्यांशी करार झाले. ट्रॉम्बेला 1954 मध्ये स्टॅनव्हॅकची आणि 1955 मध्ये बर्मा-शेलची रिफायनरी सुरू झाली. सत्तरच्या दशकात दोन्ही सरकारजमा होऊन हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या नावांनी चालू लागल्या. आज त्यांची मुंबईतली क्षमता अनुक्रमे 95 लाख आणि 1 कोटी 20 लाख टन आहे.

मुंबईहून निघालेली भारत पेट्रोलियमची इंधनवाहिनी मनमाडला पोहोचते आणि तिथून उत्तरेला वळते: इंदूर, कोटा, मथुरा, दिल्ली. विदर्भाकडे ती पाहतही नाही. पूर्वेकडून इंडियन ऑइलची पारादीपहून निघालेली वाहिनी रायपूरपर्यंत येते. लाखनी या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात. रेल्वेच्या टाकी-वाघिणी नागपूरजवळच्या खापरी-बोरखेडी भागातल्या डेपोंपर्यंत माल आणतात. पुढचं काम टँकरचं.

या प्रवासाचा खर्च दरात उतरतो. मनमाडपासून तीनशेहून अधिक किलोमीटरवर असलेल्या परभणीचं नाव महागड्या पेट्रोलसाठी वर्षानुवर्षं बातम्यांत येतं, ते त्यामुळेच. प्रवासात गळतीही असते, आणि ती सगळी नळीतली नसते; चोरीही असते. 25 जानेवारी 2011 रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना पानेवाडीजवळ तेलमाफियांनी जिवंत जाळलं. इंधनपुरवठ्यावर लिहिताना हे प्रकरण सहसा गाळलं जातं. ते गाळू नये.

मग विदर्भातच रिफायनरी का नको? कोकणातल्या नाणारचा सहा कोटी टनांचा रिफायनरी प्रकल्प विरोधामुळे 2019 मध्ये रखडला, 2023 मध्ये कोकणातल्याच बारसूत माती परीक्षणावरून पुन्हा संघर्ष पेटला. त्या काळात नागपूरच्या उद्योगवर्तुळातून ही मागणी जोरात आली. समुद्र नाही म्हणून ती हसण्यावारी नेणं बरोबर नाही. मध्य प्रदेशातली बीना रिफायनरी 2011 पासून चालते, आणि तिचं कच्चं तेल गुजरातच्या वाडीनारहून नऊशेहून अधिक किलोमीटरच्या वाहिनीने येतं. पण तेवढा खर्च करायचाच, तर तयार डिझेलची वाहिनी नागपूरपर्यंत आणणं अधिक सोपं आणि स्वस्त नाही का?

मग इथल्याच मालापासून इंधन काढलं तर? लाखनीतून जाणाऱ्या याच महामार्गावर, ओडिशातल्या बरगढला, भारत पेट्रोलियमने धानाच्या तणसापासून दिवसाला एक लाख लिटर इथेनॉल काढण्याचा प्रकल्प हाती घेतला. भंडाऱ्याला तणसाची वाण नाही, म्हणून हे इकडेही व्हावं असं कुणालाही वाटेल. पण हे इथेनॉल मिसळतात पेट्रोलमध्ये. बांधीतल्या ट्रॅक्टरला लागतं डिझेल, आणि ते येणार नागपूरच्या बाजूनं, टँकरनंच.