म्हसवडच्या बायकांची बँक
बीडमधल्या ज्या ताईंना बचत गटाच्या पुढे जाऊन संस्था किंवा धंदा उभा करायचाय, त्यांनी चेतना गाला सिन्हा यांचं काम जरूर बघावं.

मुंबईत वाढलेली, जयप्रकाश नारायणांच्या चळवळीत घडलेली ही तरुणी लग्न करून साताऱ्यातल्या म्हसवडला आली. मुलूख आपल्यासारखाच दुष्काळी. तिथं रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी छपरासाठी प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता. ती रोज थोडे पैसे साठवायला तयार; पण एवढ्याशा रकमेसाठी बँक खातं उघडेना.

मग चेतनाताईंसोबत तिथल्या बायकांनी स्वतःच्याच बँकेसाठी अर्ज केला. काही सभासद निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेनं तो फेटाळला. बायका अक्षरं गिरवायला लागल्या. काही महिन्यांनी पुन्हा गेल्या आणि कॅल्क्युलेटरशिवाय व्याज काढून दाखवायची तयारी ठेवली! १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बँकेत यायचं तर मजुरी बुडते, म्हणून बँकच दारात गेली.

२०१८ मध्ये चेतनाताई दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सहअध्यक्ष होत्या.

आपल्याकडे मुकादमाची उचल घेऊन कोयत्यावर जाणाऱ्या बायकांना पैसे कुठे, कसे साठवायला सोयीचं पडेल? काम सुरू करायचं असेल, तर आधी त्यांनाच विचारा.

#माणदेशी #बीड #महिलाउद्योजक