बोगद्याच्या अस्तराची अग्निहानी व तिचे अविनाशक परीक्षण

बोगद्यातील आगीमुळे काँक्रीटच्या अस्तराची हानी किती खोलवर गेली आहे, हे अस्तर न फोडता ठरविण्याची पद्धती. बोगद्यात उष्णता कोंडून राहिल्याने तापमान फार जलद वाढते. फ्रान्स व इटली यांना जोडणाऱ्या माँ ब्लां बोगद्यातील २४ मार्च १९९९ रोजीची आग दोन दिवसांहून अधिक काळ जळत होती. तीत ३९ माणसे मृत्युमुखी पडली व बोगदा २००२ पर्यंत बंद राहिला.

सु. ३००° से. पर्यंत काँक्रीटचे बल फारसे घटत नाही. ४००° से. च्या पुढे त्यातील कॅल्शियम हायड्रॉक्साइडाचे अपघटन होते. खडी चुनखडकाची असल्यास आणखी वरच्या तापमानास तिची कळी बनते. चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती–गडचांदूर परिसरातील चुनखडक सिमेंटच्या भट्टीत भाजताना हीच विक्रिया होते. आग विझल्यावर हा चुना ओलावा शोषून फुगतो व भेगा वाढतात. म्हणून आगीनंतर लगेच घेतलेली मापने अंतिम मानू नयेत.

प्रथम हातोडीने ठोकून पाहतात; सुटलेल्या थराचा आवाज बद्द येतो. रंगावरूनही अंदाज बांधतात. लोहयुक्त वालुकामय खडीचे काँक्रीट सु. ३००° से. ला गुलाबी होते. परंतु महाराष्ट्रात सर्रास वापरल्या जाणाऱ्या बेसाल्टच्या खडीत ही खूण स्पष्ट उमटत नाही. परदेशी कोष्टके येथे जशीच्या तशी लावणे धोक्याचे आहे. प्रतिक्षेप हातोड्याने केवळ पृष्ठभागाचा कठीणपणा समजतो.

खोली मोजण्यास श्राव्यातीत स्पंद उपयोगी पडतात. अस्तराची मागील बाजू खडकाला भिडलेली असल्याने प्रेषक व ग्राही दोन्ही एकाच पृष्ठावर ठेवावे लागतात. त्यांतील अंतर वाढवीत जाऊन काळ व अंतर यांचा आलेख काढतात. अंतर कमी असता स्पंद भाजलेल्या थरातूनच जातो. ते वाढल्यावर आतील निकोप काँक्रीटमधून गेलेला स्पंद आधी पोहोचतो व आलेख वाकतो. समजा, भाजलेल्या थरातील वेग सेकंदास २ किमी., निकोप भागातील ४ किमी. व वाक ३० सेंमी. अंतरावर आहे, तर थराची जाडी सु. ९ सेंमी. येते. अस्तर ओले असल्यास वेग वाढून हानी प्रत्यक्षाहून कमी भासते. सळ्यांच्या दिशेने मापन केल्यासही असाच दोष येतो.

या पद्धतीसाठी भारतीय मानक ५१६ (भाग ५, विभाग १) : २०१८ हे मानक आहे. मोजक्या ठिकाणी गाभ्याचे नमुने काढून निष्कर्ष पडताळावे लागतात.