कागदावरचा पगार आणि लिफाफ्यातला पगार

सन १९६४ च्या मार्च महिन्यात लेनिनग्राडच्या एका न्यायालयाने योसिफ ब्रॉडस्की या तेवीस वर्षांच्या कवीस 'परोपजीवी' ठरवून पाच वर्षांची हद्दपारी आणि सक्तमजुरी फर्मावली. आरोपाचा इत्यर्थ एवढाच की, हा गृहस्थ कविता व भाषांतरे करीत असला, तरी कोणत्याही सरकारी आस्थापनेच्या हजेरीपटावर त्याचे नाव धडपणे टिकलेले नाही. सोविएत राज्यात १९३९ पासून प्रत्येक कामगाराच्या नावे 'त्रुदोवाया क्निझ्का' म्हणून एक सेवापुस्तिका असे. मनुष्य कोठे रुजू झाला, केव्हा सुटला आणि कशासाठी सुटला, याची साद्यंत कैफियत तीत लिहिलेली असे, आणि पुढे निवृत्तिवेतनाचा हिशेबही तिच्यावरूनच होई.

मौज अशी की, दप्तरी नोंद नसणे हा जेथे अपराध, तेथेच दप्तराबाहेरच्या कामावाचून कोणाचाही संसार चालत नसे. स्वयंपाकघरातला नळ गळू लागला, तर अर्ज देऊन सरकारी कारागिराची वाट पाहावी, तो येईल तेव्हा येईल. तोच कारागीर व्होडकाच्या एका बाटलीच्या बोलीवर त्याच संध्याकाळी दारात उभा राही, आणि नळाचा नवा वायसरही बहुधा सरकारी कोठारातूनच खिशात घालून आणी. उन्हाळ्यात शहरांतून 'शाबाश्निकी' म्हणविणाऱ्या टोळ्या खेड्यांत जात आणि सामुदायिक शेतांचे गोठे उक्त्या बोलीवर बांधून देत. या साऱ्या व्यवहाराला वंगण 'ब्लात'चे, म्हणजे आपल्या भाषेत निखळ वशिल्याचे. खाटिकाने डॉक्टरासाठी चांगले मांस बाजूला काढून ठेवावे आणि डॉक्टराने खाटिकाच्या आईला इस्पितळात लवकर जागा मिळवून द्यावी. कागदावर विश्वास ठेवू नये, ओळखीवर ठेवावा, हे शिक्षण लोकांना त्या राज्यानेच दिले, असे मला वाटते.

म्हणून १९९१ साली ते राज्य कोसळले, तेव्हा कागद तेवढे उडाले, ओळखी शाबूत राहिल्या. २ जानेवारी १९९२ रोजी रशियात बहुतेक किमतींवरचे नियंत्रण उठले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस जवळपास कोणालाही कोठेही माल विकण्याची मुभा मिळाली. आदल्या दिवसापर्यंत ज्याला नफेखोरी म्हणून तुरुंग होता, तोच आता उद्योग ठरला. पगार मात्र महिनोन् महिने थकू लागले. गुस-ख्रुस्ताल्नी हे काचकामासाठी नावाजलेले गाव. तेथे रोकडीऐवजी पगारात काचेची भांडी हाती पडू लागली, आणि ती घेऊन कामगार हमरस्त्याच्या कडेला गिऱ्हाइकाची वाट पाहत उभे राहू लागले.

पुढे खाजगी कारखाने निघाले आणि लिफाफ्याची वहिवाट पडली. महिनाअखेर कामगाराने पगारपत्रकावर सही करावी. सहीपुढचा आकडा कायद्याने ठरविलेल्या किमान वेतनाचा किंवा त्याहून किंचित अधिक. मग आतल्या खोलीतून बोलावणे यावे आणि उरलेली रक्कम नाव न घातलेल्या लिफाफ्यातून, नजरेला नजर न देता, हातावर ठेवली जावी. रशियन बोलीत दप्तरी पगार 'पांढरा', बेदप्तरी तो 'काळा' आणि हा अर्धामुर्धा 'करडा'. लिथुएनिया, लॅटव्हिया, बल्गेरिया येथेही लिफाफ्याची ओळख कोणाला करून द्यावी लागत नाही. मालकाचा सामाजिक विम्याचा भरणा वाचतो आणि कामगाराच्या हाती आज चार पैसे अधिक पडतात. परंतु आजारपणाचा भत्ता, बाळंतपणाची रजा, बँकेचे कर्ज आणि अखेर निवृत्तिवेतन हे सारे पगारपत्रकावरच्या त्या किरकोळ आकड्यावरून मोजले जाते. शिवाय मालकाची मर्जी फिरली की लिफाफा पातळ होतो, आणि त्याविरुद्ध फिर्याद नेण्यास न्यायालयापुढे ठेवावयाचा दस्तऐवज तरी कोणता?

सरकारांनी तजविजी केल्या. रशियाने २००१ पासून २०२० पर्यंत प्राप्तिकराचा सरसकट १३ टक्के दर ठेवला. युक्रेनमध्ये मालकाचा सामाजिक भरणा शेकडा ३७ च्या घरात, धोक्याच्या धंद्यांत त्याहूनही पुष्कळ वर होता. तो २०१६ पासून २२ वर आणला, तरी लिफाफे गेले नाहीत. एस्टोनियाने जुलै २०१४ पासून असा दंडक घातला की, मनुष्याने कामाला हात लावण्यापूर्वी त्याचे नाव करखात्याच्या नोंदीत चढलेच पाहिजे. तपासनीस बांधकामावर अवचित आला असता 'हा आजच आला, उद्या नोंदविणार होतो' ही सबब त्यामुळे उरली नाही. बेलारूसने २०१५ साली जुनाच सूर लावला आणि वर्षात १८३ दिवस सरकारी खर्चाला हातभार न लावणाऱ्यांवर विशेष कर बसविला. त्याला लोकांनी 'परोपजीवी कर' हेच नाव दिले, आणि २०१७ च्या फेब्रुवारी-मार्चात त्याविरुद्ध अनेक शहरांत मोर्चे निघाले, तेव्हा वसुली थांबवावी लागली.

रशियाची अलीकडची युक्ती अधिक मवाळ आहे. मॉस्को, तातारस्तान आदी चार प्रदेशांत २०१९ साली आरंभ होऊन पुढे देशभर पसरलेल्या योजनेत शिकवणी घेणाऱ्या बाईंनी किंवा शिंप्याने मोबाईलवर पावती फाडावी आणि खाजगी गिऱ्हाइकाकडून मिळालेल्या रकमेवर ४ टक्के, कंपनीकडून आलेल्या रकमेवर ६ टक्के कर भरावा. आता कित्येक मालक नव्या माणसाला नोकरीवर न घेता अशीच पावती फाडावयास सांगतात. आपल्याच जुन्या नोकराशी दोन वर्षे असा व्यवहार करू नये, ही मनाई कायद्यातच घालावी लागली. निवृत्तिवेतनाचा भरणा मात्र या योजनेत ऐच्छिक आहे.