दिवाळी, निवृत्ती आणि डोंबिवली

मुलं परगावी, दिवाळीचा फराळ डब्यात भरून तयार. मग निवृत्त नवरा-बायकोने सुट्टीत करायचं काय? डोंबिवलीकरांना हा प्रश्न फारसा पडत नाही.

नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकलं की पावलं आपसूक फडके रोडकडे वळतात. गणपती मंदिरासमोर नटूनथटून आलेल्या तरुणाईची गर्दी असते. पण कडेला उभं राहून जुने शेजारी, शाळेतले विद्यार्थी, नव्या सुना ओळखण्याची खरी मजा ज्येष्ठांचीच! गर्दी सोसत नसेल तर सातच्या आत घरी परतावं. संध्याकाळी सोसायटीतल्या पोरांनी केलेले मातीचे किल्ले बघत फिरावं. 'हा कोणता गड?' एवढंच विचारायचं, पोरं पुढचा अर्धा तास सोडत नाहीत.

भाऊबीजेनंतर अंबरनाथ. दुपारच्या लोकलला त्यातल्या त्यात गर्दी कमी. तिथलं शिवमंदिर शिलाहारांच्या काळातलं, शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. गाभारा सभामंडपापेक्षा बराच खाली आहे, पायऱ्या उतराव्या लागतात. गुडघे कुरकुरत असतील तर बाहेरच्या भिंतींवरची शिल्पंच निवांत पाहावीत. तीही तासाभरात संपत नाहीत.

थोडं लांब जायचं तर एसटी. ६५ ते ७५ वयाला निम्मं तिकीट, पंचाहत्तरीनंतर राज्यात मोफत, आणि मार्च २०२३ पासून बायकांना कोणत्याही वयात अर्धं. वयाचा पुरावा मात्र पिशवीत हवा, आणि उरलेल्या चकल्याही.